पंगतीबाहेरचा माणूस: फ्लॉरेन्सच्या भिंतींवरचे दोषी

१३व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत उत्तर आणि मध्य इटलीतील नगरराज्यांत माणसाचे चित्र काढणे ही एक शिक्षा होती. फितुरी करून पळालेला सरदार, लोकांच्या ठेवी बुडवून परागंदा झालेला सावकार किंवा ऐन वेळी शत्रूला मिळालेला सेनापती हाती लागला नाही, की त्याचे पूर्णाकृती चित्र नगराच्या एखाद्या महत्त्वाच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवले जाई. ते बहुधा उलटे असे: एक पाय दोराने बांधलेला, डोके खाली, दुसरा पाय अधांतरी. शेजारी नाव, घराण्याचे चिन्ह आणि गुन्हा सांगणाऱ्या काही ओळी लिहीत. या प्रकाराला इतिहासकार 'पित्तुरा इन्फामान्ते' म्हणतात, म्हणजेच बदनामीचे चित्र. ते काढण्याचा हुकूम सरकारचा असे आणि त्याचे पैसेही सरकारच देई.

आपल्याकडे गुन्हेगाराची गाढवावरून धिंड काढत, त्याच जातीची ही शिक्षा होती. पण धिंड दिवसभरात संपते. भिंतीवरचे चित्र वर्षानुवर्षे बाजाराला जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरेसमोर राही आणि दोषी माणसाची मुलेबाळे, भाऊबंद त्याच रस्त्याने ये-जा करीत. इटलीच्या या व्यापारी शहरांत माणसाची पत म्हणजे त्याचे नाव. नाव गेले की कर्ज मिळत नसे, सोयरीक जुळत नसे, साक्षही ग्राह्य धरली जात नसे. शरीर हाती न लागलेल्या माणसाला गाठण्याचा हा मार्ग होता. उलटे टांगण्यामागेही विचार होता. घराण्याचे चिन्ह उलटे काढणे म्हणजे त्या घराण्याची अप्रतिष्ठा, मग माणूसच उलटा काढला तर त्याची सगळी मानमर्यादा उलथी पडली. पत्त्यांच्या टॅरो संचातला एका पायाने टांगलेला माणूस याच रूढीतून आला आहे. जुन्या इटालियन संचांत त्या पत्त्याचे नावच 'दगाबाज' असे होते.

फ्लॉरेन्समध्ये या चित्रांची मुख्य जागा होती पोदेस्ताचा, म्हणजे नगराच्या मुख्य न्यायाधिकाऱ्याचा वाडा. हा वाडा आज बार्जेल्लो या नावाने ओळखला जातो आणि तिथे संग्रहालय आहे. १३४३ मध्ये नागरिकांनी उठाव करून हुकूमशहा बनलेल्या 'अथेन्सच्या ड्यूक'ला, गोतिए द ब्रिएनला, शहरातून हाकलले. त्यानंतर त्याचे आणि त्याच्या साथीदारांचे चित्र याच वाड्याच्या मनोऱ्यावर रंगवले गेले. ते आता उरलेले नाही. या परंपरेचे हेच मोठे वैशिष्ट्य: शेकडो चित्रे काढली गेली, आणि फ्लॉरेन्सच्या भिंतींवर एकही पाहायला मिळत नाही. पाऊस, उन्हाळे आणि सत्तापालट यांनी ती पुसली. तरीही चित्रकार दोषी माणसाला चित्रात कुठे ठेवत होते, हे पाहण्याचा एक मार्ग शिल्लक आहे. ज्यांनी ही टांगलेली माणसे रंगवली त्यांतल्याच काहींनी मठांच्या भोजनगृहांत येशूचे अखेरचे भोजनही रंगवले. तिथे एक दोषी ठरलेलाच असे, तीस रुपयांसाठी गुरूला शत्रूच्या हाती देणारा यहूदा इस्कार्योत.

यहूदाची जागा ठरवण्याचे काम १३०५च्या सुमारास चित्रकार जोत्तोने पादुआच्या स्क्रोवेन्यी प्रार्थनालयात मोठ्या तपशिलाने केले. तिथे यहूदा अनेक प्रसंगांत दिसतो. पैसे घेताना काळा सैतान त्याच्या पाठीशी उभा आहे. येशूचे चुंबन घेताना त्याचा पिवळा झगा असा फुलला आहे की येशूचे सगळे शरीर त्यात झाकले जाते, दिसते फक्त मस्तक. अंतिम न्यायाच्या चित्रात तो नरकात फासावर लोंबकळतो आहे आणि त्याचे पोट फाटले आहे. त्याच नरकात काही जण स्वतःच्या पैशाच्या थैल्यांच्या नाड्यांनी टांगलेले आहेत: ते व्याजखोर. प्रार्थनालय बांधणारा एन्रिको स्क्रोवेन्यी मात्र त्याच भिंतीवर, पुण्यवंतांच्या बाजूला, गुडघे टेकून प्रार्थनालयाची प्रतिकृती अर्पण करतो आहे. त्याचा बाप रेजिनाल्दो नामांकित सावकार होता, आणि दान्तेने त्याला आपल्या महाकाव्यात नरकातल्या व्याजखोरांमध्ये बसवले आहे. बापाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वास्तूत मुलाने स्वतःची जागा नरकाच्या दुसऱ्या बाजूला रंगवून घेतली. भिंतीच्या कोणत्या बाजूला कोण, एवढ्यावरच हा सगळा निवाडा उभा आहे.

दान्ते स्वतः शिक्षा झालेला माणूस होता. १३०२ मध्ये फ्लॉरेन्सच्या पोदेस्ताने सरकारी पैसा खाल्ल्याच्या आरोपावरून त्याला हद्दपार केले आणि पुढे हाती सापडल्यास जिवंत जाळण्याचा हुकूम काढला. तो पुन्हा कधी गावी परतला नाही. त्याच्या नरकाच्या अगदी तळाशी सैतानाच्या तीन जबड्यांत तिघे चावले जात आहेत: यहूदा, ब्रूटस आणि कॅशियस. म्हणजे गुरूला विकणारा एक आणि सीझरचा घात करणारे दोन. दगाबाजी हे सर्वांत खालच्या पायरीचे पाप, हा हिशेब फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या मनात पक्का बसला होता. पुढे पोदेस्ताच्या वाड्यातल्या प्रार्थनालयात, जिथे देहान्ताची शिक्षा झालेले कैदी मरणापूर्वी प्रार्थनेसाठी आणले जात, जोत्तोच्या चित्रशाळेने स्वर्गाचे दृश्य रंगवले. त्या पुण्यवंतांच्या रांगेत लाल वस्त्रातला एक माणूस उभा आहे आणि परंपरा त्याला दान्ते म्हणून ओळखते. १८४० मध्ये चुन्याच्या थराखालून हा चेहरा पुन्हा उजेडात आला. ही ओळख खरी धरली तर, ज्या पदाच्या अधिकाऱ्याने त्याला जाळायला सांगितले होते त्याच पदाच्या वाड्यात, ज्याच्या बाहेरच्या भिंतींवर दगाबाज टांगले जात, आत त्याला स्वर्गात जागा मिळाली. नगराचे मत बदलले, हे यापेक्षा स्पष्ट सांगणारा ठराव शोधून सापडणार नाही.

मठांच्या भोजनगृहांतली रूढी याच काळात घडली. अखेरचे भोजन ही मूळची पंगतच. ती लांबट भिंतीवर मांडायची तर सगळे एका बाजूला, पाहणाऱ्याकडे तोंड करून बसवणे सोयीचे. तेरा माणसांपैकी बारा अशी बसवली जात. यहूदा मात्र टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, एकटा, डोक्यामागे तेजोवलय नसलेला. सान्ता क्रोचेच्या भोजनगृहात ताद्देओ गाद्दीने १४व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अशीच मांडणी केली आणि पुढे दीडशे वर्षे फ्लॉरेन्सचे चित्रकार तिला धरून राहिले. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही दोषी कोण हे क्षणात कळे. पण या मांडणीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. भोजनगृहातले साधू आणि मठवासिनी चित्रासमोरच, भिंतींच्या कडेने मांडलेल्या टेबलांवर, मौन पाळून जेवत. रंगवलेल्या पंगतीच्या पलीकडच्या बाजूला संत होते. अलीकडची बाजू, जिथे यहूदा बसला होता, ती जेवणाऱ्यांची होती. पंगतीबाहेर काढलेला माणूस त्यांच्या सर्वांत जवळ येऊन बसला होता. मठाच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. गुरूच्या ताटात हात घालून त्याला विकणारा माणूस बाहेरचा नसतो, हेच त्यांना रोज आठवायचे होते.

या रूढीचे सर्वांत जळजळीत रूप आन्द्रेआ देल कास्तान्योने १४४७ मध्ये सान्त'आपोल्लोनियाच्या मठात रंगवले. त्याआधी सात वर्षे, विशीत असताना, त्याने दुसरे एक काम केले होते. १४४० च्या जूनमध्ये आंगियारीच्या लढाईत फ्लॉरेन्सने मिलानचा पराभव केला. शत्रूच्या बाजूने फ्लॉरेन्सवर वर्चस्व असलेल्या मेदिची घराण्याचे विरोधक, म्हणजे परागंदा झालेले आल्बित्सी आणि त्यांचे साथीदार, उभे होते. त्यांना टांगलेले दाखवणारी चित्रे कास्तान्योने पोदेस्ताच्या वाड्यावर काढली, आणि ती इतकी गाजली की लोक त्याला 'टांगलेल्यांचा आन्द्रेआ' म्हणू लागले. ही चित्रे गेली, भोजनगृहातले चित्र राहिले. त्यात संगमरवरी भिंतींची एक बंदिस्त खोली आहे. शिष्य एका ओळीत, ताठ, जणू दगडातून कोरलेले बसले आहेत. अलीकडे तिपाईवर यहूदा आहे: काळे केस, टोकदार दाढी, बाकदार नाक, अर्धा माणूस आणि अर्धा पुराणातला राक्षस. मागच्या भिंतीवर संगमरवराचे सहा मोठे चौकोन आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या शिरा शांत वळणाच्या, पण येशू, पेत्र आणि यहूदा यांच्या डोक्यांवरच्या चौकोनात त्या विजेसारख्या फाटल्या आहेत. चेहऱ्यावर कुणाच्याच आक्रोश नाही, तो सगळा दगडात गेला आहे. वाड्यावरच्या भिंतीवर कास्तान्योला माणूस उलटा करावा लागला होता, इथे एक तिपाई आणि एक दगड पुरला.

यहूदाच्या या चेहऱ्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही. बाकदार नाक, पिवळा झगा, हातातली थैली ही खूण हळूहळू एका माणसाची न राहता एका समाजाची झाली. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने ज्यूंनी वेगळा ओळखू येणारा पोशाख करावा असे ठरवले होते आणि अनेक ठिकाणी ती खूण पिवळी होती. येशू आणि इतर अकरा शिष्यही ज्यूच होते, पण चित्रकारांनी ते रूप फक्त यहूदाला दिले. भोजनगृहाच्या भिंतीवर एकाला पंगतीबाहेर बसवताना शहरातल्या शेजाऱ्यांनाही त्याच जागी बसवले जात होते. चित्रकलेच्या इतिहासातला हा अन्याय त्या चित्रांच्या कौशल्याने झाकला जात नाही आणि झाकला जाऊही नये.

१४८०च्या आसपास रूढी स्थिरावली, थोडी सैलही झाली. दोमेनिको गिर्लान्दायोने ओन्यिस्सान्ती आणि सान मार्को या मठांत अखेरची भोजने रंगवली ती पक्षी, फळझाडे आणि स्वच्छ टेबलवस्त्रांनी भरलेली. यहूदा अलीकडे आहेच, पण सान मार्कोत त्याच्याजवळ एक मांजर बसले आहे आणि ते थेट पाहणाऱ्याकडे बघते. रोमच्या सिस्टाइन प्रार्थनालयात कोसिमो रोस्सेल्लीने यहूदाच्या खांद्यावर छोटा सैतान बसवला. रूढी जुनी झाली की खुणा वाढतात. रोस्सेल्लीचा सैतान नसता तरी कुणाची दिशाभूल झाली नसती.

याच काळात बदनामीच्या चित्रांची सर्वांत प्रसिद्ध वेळ आली. २६ एप्रिल १४७८ रोजी फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पात्सी घराण्याच्या कटवाल्यांनी ज्युलियानो मेदिचीला ठार केले. त्याचा भाऊ लोरेन्त्सो जखमी होऊन निसटला. फ्रान्चेस्को पात्सी आणि पिसाचा आर्चबिशप साल्व्हियाती यांना त्याच दिवशी सरकारवाड्याच्या खिडक्यांतून फासावर लटकवले गेले. त्यानंतर जुलैमध्ये सान्द्रो बोत्तिचेल्लीला ४० फ्लोरिन देण्यात आले. काम होते सरकारवाड्याजवळच्या दारावर या कटवाल्यांची चित्रे काढण्याचे. ज्याच्या वसंत ऋतूच्या आणि व्हीनसच्या चित्रांवर आज जग लुब्ध आहे, त्याच हाताने हे फासावरचे देह काढले. बहुतेकांच्या गळ्यात फास होता, तर हाती न लागलेला नापोलेओने फ्रान्चेसी पायाने टांगलेला होता, असे जुन्या वर्णनांत आहे. मेलेल्याला फास आणि निसटलेल्याला उलटी दोरी, असा हा हिशेब. आर्चबिशपला असे दाखवणे पोप सिक्स्टस चौथा याला सहन झाले नाही. त्याच्याशी समेट करताना साल्व्हियातीची आकृती पुसावी लागली. बाकीची १४९४ मध्ये मेदिची स्वतः शहराबाहेर गेले तेव्हा गेली.

ज्युलियानोवर वार करणारा बेर्नार्दो बान्दिनी कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पळाला होता. सुलतान मेहमेद दुसरा याने त्याला परत पाठवले आणि डिसेंबर १४७९ च्या अखेरीस तो फासावर गेला. लिओनार्दो दा विंची तेव्हा २७ वर्षांचा होता. त्याने लटकत्या बान्दिनीचे एक छोटेसे रेखाचित्र काढले, जे आज फ्रान्सच्या बायोन शहरात आहे. हात पाठीमागे बांधलेले, पाय उघडे, अंगावर तुर्की पद्धतीचा लांब अंगरखा. कडेला लिओनार्दोने आपल्या उलट्या लिपीत कपड्यांची यादी लिहिली आहे: टोपीचा बदामी रंग, काळ्या साटीनचे आतले वस्त्र, निळा अंगरखा, त्याला कोल्ह्याच्या छातीकडच्या केसाळ कातड्याचे अस्तर, गळपट्टीचे मखमल. खाली कोपऱ्यात त्याने मस्तक पुन्हा एकदा काढले आहे, मान किंचित वेगळ्या कोनात कललेली. कदाचित बोत्तिचेल्लीसारखे काम आपल्यालाही मिळेल म्हणून ही तयारी असेल. पण रेखाचित्रात शिव्या नाहीत आणि दयाही नाही. मान कशी कलते, एवढेच त्याने पाहिले आणि एका कलण्याने समाधान न झाल्यामुळे दुसरे काढले.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी मिलानमध्ये सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिएच्या भोजनगृहात लिओनार्दो अखेरचे भोजन रंगवायला बसला. विंडसरच्या संग्रहातल्या त्याच्या सुरुवातीच्या कच्च्या आराखड्यात यहूदा जुन्या रूढीप्रमाणे टेबलाच्या अलीकडेच आहे. १४९५ ते १४९८ या काळात प्रत्यक्ष भिंतीवर, साडेआठ मीटरपेक्षा रुंद जागेत, त्याने ती रूढी मोडली. तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल, असे येशू म्हणाला त्या क्षणाचे ते चित्र आहे. शिष्य तिघा-तिघांच्या घोळक्यांत उसळले आहेत. यहूदा आता पंगतीत आहे, पेत्र आणि योहान यांच्याच घोळक्यात, येशूपासून हातभर अंतरावर. तेजोवलय कुणालाच नाही, म्हणून त्याचे नसणे ही खूण उरली नाही. उजव्या हातात थैली घट्ट धरलेली, कोपर टेबलावर टेकलेले, आणि बाकीचे पुढे झुकत असताना तो मागे सरकतो. चेहऱ्यावर सावली आहे. त्याचा आणि येशूचा हात एकाच ताटाच्या दिशेने जातो. पाठीमागे पेत्राच्या हातातली सुरी आहे, म्हणजे सूड घेण्याची तयारी त्याच्या पाठीलाच टेकली आहे. मूळ चित्र लवकरच झडू लागले, पण जुन्या नकलांत यहूदाच्या हाताजवळ कलंडलेले मीठदानही दिसते.

विंडसरलाच यहूदाच्या मस्तकाचा लाल खडूतला अभ्यास आहे. चेहरा जवळजवळ पाठमोरा वळलेला, नाकाची आणि हनुवटीची कड तेवढी दिसते. बाकी सगळी मान आहे: ताणलेल्या शिरा, कानामागून गळपट्टीकडे उतरणारे स्नायू. बान्दिनीच्या मस्तकाकडे पाहणारी नजर इथे ओळखू येते. यहूदाला दूर बसवून दोष सांगणे लिओनार्दोला नको होते. शब्द कानावर पडताच कोणत्या शरीराने आपली चोरी कबूल केली, हे त्याला दाखवायचे होते. तो दोषी आहेच, पण आता त्याला शोधावे लागते आणि शोधताना पाहणाऱ्याला बाराही चेहरे तपासावे लागतात.

फ्लॉरेन्सला हा धडा पूर्णपणे पोहोचवला आन्द्रेआ देल सार्तोने. शहराबाहेरच्या सान साल्व्ही मठाच्या भोजनगृहात १५२०च्या दशकात पुरे झालेल्या त्याच्या चित्रात यहूदा येशूच्या उजव्या हाताला बसला आहे. येशू त्याला भाकरीचा तुकडा देतो आणि तो स्वतःच्या छातीवर हात ठेवून जणू विचारतो, मी काय? थैली नाही, सैतान नाही. पंगतीतली सर्वांत मानाची जागा दोषी माणसाला मिळाली. चित्र पुरे होऊन फार काळ गेला नसेल, तोच १५२९ मध्ये सम्राटाच्या आणि पोपच्या फौजांनी फ्लॉरेन्सला वेढा घातला. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तटाबाहेरच्या इमारती पाडायचे ठरले. पाडणारे लोक सान साल्व्हीच्या भोजनगृहापर्यंत आले आणि हे चित्र पाहून थांबले, असे जुने लेखक सांगतात. भिंत वाचली.

त्याच वेढ्यात सरकारने देल सार्तोला दुसरे काम दिले: सैन्याचा पगार घेऊन पळालेल्या कप्तानांची टांगलेली चित्रे. त्याने ते घेतले, पण काम शिष्य करतो आहे असे जाहीर केले, भिंतीभोवती आडोसा उभारला आणि रात्रीच्या वेळी गुपचूप आत जाऊन स्वतः रंगवले. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने दिलेले कारण साधे आहे. कास्तान्योसारखे 'टांगलेल्यांचा आन्द्रेआ' हे नाव आपल्याला चिकटेल, याची त्याला भीती होती. उफिझी संग्रहालयातली त्याची लाल खडूची रेखाटने मात्र उरली आहेत. एका पायाने टांगलेली माणसे, ओघळलेला झगा, लोंबणारा मोकळा पाय, डोक्याकडे उतरलेले रक्त. शिष्याला किंवा नमुन्याच्या माणसाला खरोखर उलटे टांगून ती काढली असावीत इतकी ती अचूक आहेत. १५३० च्या ऑगस्टमध्ये शहर पडले, मेदिची परतले आणि त्याच वर्षी देल सार्तो वारला. नगर आता ड्यूकच्या हाती होते. कोणाचे नाव घालवायचे ते ठरवणारी नागरिकांची सभा उरली नाही आणि तिच्याबरोबर भिंतींवरची ही शिक्षाही संपत गेली.

चित्रकाराला ज्या नावाची धास्ती होती त्याचे पुढे काय झाले, ते वासारीच्याच पुस्तकात दिसते. १५५० मध्ये छापलेल्या चित्रकारांच्या चरित्रग्रंथात त्याने लिहिले की कास्तान्योने मत्सरापोटी आपला मित्र दोमेनिको व्हेनेत्सियानो याचा खून केला, आणि एका भित्तिचित्रात स्वतःलाच यहूदाच्या रूपात रंगवले, कारण रूपाने आणि कृतीने तो तसाच होता. पात्सी कटवाल्यांची चित्रेही वासारीने त्याच्याच नावावर टाकली. कास्तान्यो १४५७ मध्ये प्लेगने मेला होता, कटाच्या एकवीस वर्षे आधी. ज्या माणसाने दोषींना त्यांच्या जागी बसवले, त्यालाच यहूदाच्या तिपाईवर बसवून तीनशे वर्षे लोकांनी ते खरे मानले. १९व्या शतकात इतिहासकार गाएतानो मिलानेसीने फ्लॉरेन्सच्या दप्तरांतून दाखवून दिले की दोमेनिको १४६१ मध्ये, म्हणजे त्याच्या तथाकथित खुन्याच्या मागे चार वर्षांनी वारला. सान्त'आपोल्लोनियाचा मठ बंदिस्त असल्यामुळे वासारीने तिथले भोजनगृह पाहिलेलेच नव्हते. तेही त्याच शतकात, मठ बरखास्त झाल्यावर, लोकांना उघडे झाले.